व्हिसेराची बरणी आणि सोलापूरचं ऊन

आज दुपारी पारा चाळिशीच्या पुढे. अशा दिवसांत झोपेच्या गोळ्यांच्या संशयित मृत्यूत पुरावा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव (व्हिसेरा), आधी बरणीतच बिघडतो, प्रयोगशाळा नंतरची.

हे अवयव टिकवायला वापरायचं मिठाचं द्रावण 'संपृक्त' म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. लिटरला साधारण ३६० ग्रॅम. दोन चमचे टाकून ढवळलं की झालं, असं नाही! बरणी दोन तृतीयांशच भरायची; कुजण्याचा वायू झाकण उडवतो. जठर व आतड्याची एक बरणी, यकृत-मूत्रपिंडाची दुसरी. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळा, हा तर हमखास विसरतो.

रक्त हृदयातून ओढू नका. मृत्यूनंतर काही औषधं यकृत-फुफ्फुसांतून झिरपून हृदयातल्या रक्तात उतरतात, आकडा फुगतो आणि कोर्टात उलटतपासणीत फजिती होते. मांडीची शीर वरच्या बाजूला बांधून तिथलं १० मिली घ्या. त्यात रक्त टिकवायला १०० मिग्रॅ सोडियम फ्लोराइड, गोठू नये म्हणून ३० मिग्रॅ पोटॅशियम ऑक्झलेट. कुपी हळू उलटीपालटी करा.

क्लोनाझेपाम या झोप आणणाऱ्या औषधाचं दुखणं निराळं. कुजताना जिवाणू त्याचं सात-अमिनो-क्लोनाझेपाम करतात. मूळ औषधच शोधलं तर 'आढळले नाही' असा अहवाल येऊ शकतो. म्हणून रक्त-लघवी थंड ठेवा. बरण्या पोलीस चौकीच्या खिडकीत उन्हात ठेवू नका. आणि प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात नुसतं 'विषबाधा संशय' न लिहिता घरात सापडलेल्या रिकाम्या स्ट्रिपवरचं नाव जसंच्या तसं लिहा.