बारा क्लिक नरम

मालक गाडीतून उतरला तो मोबाइल पुढे करतच. स्क्रीनवर त्याची स्वतःची नोंद होती: 'मागे 4 क्लिक नरम. फरक नाही. आणखी 4 नरम. जास्तच आपटते. आणखी 4 नरम. आता नॉब फिरत नाही.' सोबत तारखा, टायरमधली हवा, गाडीत किती माणसं होती, सगळं. इतकं टापटीप गिऱ्हाईक क्वचित येतं, आणि खरं सांगायचं तर त्या टापटिपीनेच मला फसवलं.

गाडी छोटी हॅचबॅक. कंपनीचं सस्पेन्शन काढून बाहेरचा कडक सेट टाकलेला, उंची थोडी खाली घेतलेली. प्रत्येक शॉकवर, म्हणजे स्प्रिंगचा झोका आवरणाऱ्या तेलाच्या नळीवर, डॅम्पिंगचा नॉब, म्हणजे तो आवर किती नरम-कडक ते ठरवणारा, शॉकमागे 30 क्लिक. तक्रार एकच, मागून आपटते. सुटा खड्डा ती बऱ्यापैकी गिळायची. पण रस्ता सलग उंचसखल असला की तिसऱ्या-चौथ्या उंचवट्याला थेट दगडावर बसल्यासारखा दणका.

"पूर्ण नरम केलंय दादा, तरी असं. स्प्रिंगच कमी पडतेय का?" त्याने विचारलं.

मला पटलं. गाडी खाली घेतली की चाकाला वर जायला जागा मुळातच कमी उरते. त्यात डॅम्पिंग पार नरम, म्हणजे शॉक शेवटपर्यंत दबणार आणि बंप स्टॉपच्या, म्हणजे दबण्याच्या शेवटी अडवणाऱ्या, रबरावर जाऊन बसणार. गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या दोन्ही शॉकच्या रॉडना बारीक केबल टाय बांधले आणि ते सीलला, म्हणजे रॉड नळीत शिरतो त्या तोंडाला, टेकवून ठेवले. शॉक दबला की सील तो टाय पुढे ढकलतं. शॉक परत उघडला तरी टाय तिथेच राहतो आणि जास्तीत जास्त किती दबला होता ते सांगतो. स्वस्तातलं याहून चांगलं मोजमाप मला ठाऊक नाही.

हाताखालच्या पोराने तेव्हा विचारलं होतं, "दादा, क्लिक मोजून घेऊ का?"

"मालकाने लिहून आणलंय की. पूर्ण नरम आहे." हे माझंच उत्तर. दर नव्या पोराला पहिल्या दिवशी मी सांगतो की कुणी काहीही सांगो, आधी मोजायचं. आणि त्या दिवशी मीच मोजू दिलं नाही.

खडबडीत पट्ट्यावरून एक चक्कर मारून आलो. दोन्ही टाय रबराला चिकटलेले, रबरावर घासल्याची ताजी चकाकी. मला वाटलं, झालं सिद्ध.

परतल्यावर सवयीने डिकीवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. नरम शॉकची गाडी पटकन वर येते, थोडी जास्तच वर जाते आणि मग डुलत थांबते. ही मात्र जडावल्यासारखी हळूहळू वर आली, आणि डुलणं नाहीच. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजलीही, पण मी ती भलत्याच देवळाची समजलो. मला वाटलं, बुश धरताहेत.

तशी ती शंका अगदीच पोकळ नव्हती. चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश कित्येक ठिकाणी गाडी उचलून, चाक लोंबकळत असतानाच आवळतात. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं, सस्पेन्शन अडखळतं आणि बुशही लवकर फाटतो. बोल्ट ढिले करायचे, वजन चाकांवर आणायचं आणि मग आवळायचे, ही त्याची रीत. तेच करत बसलो. एक बोल्ट गंजलेला निघाला, त्याने वेळ खाल्ला. मग पुन्हा चक्कर. टाय पुन्हा रबरावर, दणका तोच, आणि डिकी दाबून सोडली तर गाडी तशीच आळसावलेली.

दोन तास गेले होते. मालक स्टुलावर बसून नव्या, जास्त कडक स्प्रिंगांची चौकशी फोनवर करायला लागला होता. तो सौदा ठरला असता तर मी त्याला अडवलंही नसतं, ही गोष्ट आठवली की अजून लाज वाटते.

शेवटी वैतागून गाडीखाली आडवा झालो. मागचे शॉक उलटे बसवलेले होते, म्हणजे जाड नळी वर आणि रॉड खाली. आत तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असलेल्या मोनोट्यूब शॉकला असं बसवलेलं चालतं. त्यामुळे नॉब रॉडच्या खालच्या टोकाला, तोंड जमिनीकडे. त्यावर चिखलाचा थर. बोटाने खरवडला तर खाली बाण दिसला आणि बाणापुढे कडक बाजूची खूण.

नॉबच्या तोंडाकडे बघत मी तो सुलटा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून पाहिला. हलेना. शॉक पूर्ण नरम असता तर त्या दिशेला 30 क्लिक मिळायला हवे होते. एकही नाही. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथेही तसंच. दोन्ही शॉक पूर्ण कडक होते.

"तुम्ही नॉब फिरवताना कुठे बसला होतात?" मी खालूनच विचारलं.

तो चाकाजवळ उकिडवा बसला आणि दाखवलं. चाकाच्या मागून हात खाली घातलेला, नजर वरून. नरम म्हणजे उलटं फिरवायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. वरून बघून त्याने अगदी बरोबर उलटं फिरवलं होतं. पण वरून बघताना जे उलटं, ते खाली तोंड केलेल्या नॉबसाठी सुलटं. चार-चार करत बारा क्लिक त्याने शॉक कडकच करत नेला आणि मग आतली तेलाची वाट बंद करणारी सुई बैठकीला टेकली. त्याला वाटलं नरमचं टोक आलं. नशीब की पान्याने जोर लावला नाही. सुई आणि तिची बैठक दोन्ही नाजूक असतात, दामटून फिरवलं तर नॉब फिरत राहतो आणि आत काहीच बदलत नाही.

मलाही आकड्यातच दिसायला हवं होतं. गाडी पूर्ण नरम व्हायला बाराच क्लिक लागले असतील, तर आधीच ती कडक टोकापासून 18 वर असली पाहिजे. मग नवी असताना कडक लागते म्हणून त्याने नॉबला हात लावलाच कशाला असता?

आता कडक शॉक खाली आपटतो कसा, हा प्रश्न मालकाने विचारला आणि तो योग्यच होता. नॉब फिरवला की पोकळ रॉडमधली सळई पिस्टनजवळच्या सुईला सरकवते. सुई उघडी असेल तर तेलाला एक चोरवाट मिळते. ती बंद झाली की तेलाला पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या वाकवूनच वाट काढावी लागते. या शॉकसारख्या एकाच नॉबच्या शॉकमध्ये तो मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग. दबण्यावर त्याचा परिणाम कमी.

आणि सगळी गोम इथे आहे. चाकाला वर ढकलणारा रस्ता असतो, त्याच्या ताकदीला मोजदाद नाही. चाकाला परत खाली न्यायला मात्र फक्त स्प्रिंग, आणि तिच्यात जेवढा दाब साठला तेवढाच तिचा जोर. रिबाउंड जास्त आवळला की तेवढ्या जोरात शॉक वेळेवर उघडत नाही. पहिल्या उंचवट्याला दबला, अर्धा उघडला, तोवर दुसरा आला. तिथून पुन्हा दबला, आता पावच उघडला. तिसऱ्या-चौथ्याला गाडी आधीच खाली बसलेली असते आणि उरलेली वाट थेट रबरापर्यंत. म्हणजे सुटा खड्डा ठीक आणि सलग रस्त्यावर दणका, हे त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं लक्षण याच दुखण्याचं होतं. शॉक नरम असता तर एकाच मोठ्या खड्ड्यात आपटला असता आणि नंतर गाडी झुलत राहिली असती. टाय मात्र दोन्ही वेळा रबरावरच सापडतो. तो कुठवर पोचलो ते सांगतो, कसा पोचलो ते सांगत नाही.

मग काम सरळ होतं. दोन्ही नॉब कडक टोकाला हलकेच टेकलेले होतेच, तिथून मोजत उलटे फिरवले. मोजणी कडक टोकाकडूनच करायची, कारण तिथे सुई बैठकीला टेकते आणि शून्य पक्कं मिळतं. नरम टोकाला तसा भरवसा नसतो. पहिल्यांदा 15 वर ठेवले आणि तोच पट्टा, तोच वेग, मालकच शेजारी. दणका गेला, पण चाक अजून रस्त्यावर टकटक करत होतं. 19 वर गाडी पट्ट्यावरून गेली आणि मालकाने माझ्याकडे नुसतं बघितलं. हव्यासापोटी 24 करून पाहिलं, तर उंचवटा संपल्यावर मागची बाजू एक झोका जास्त घ्यायला लागली. परत 19. टाय रबरापासून बोटभर अलीकडे थांबला होता. स्प्रिंग तीच, उंची तीच.

पोराने नॉबच्या तोंडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मालकाने मोबाइल काढला आणि जुन्या तीन ओळींत प्रत्येक ठिकाणी 'नरम' खोडून 'कडक' केलं. मग खाली लिहिलं: 'मागे 19, कडक टोकाकडून, गाडीखाली झोपून.'

"पुढचे नॉब तर बॉनेटखाली, वरच आहेत. ते सुलटेच ना?" त्याने विचारलं.

"ते सुलटेच," मी म्हणालो, आणि तरी जाऊन एकदा फिरवून बघितले.

बिलात पोराने सवयीने 'बुश ढिले करून आवळले' असं लिहून आणलं होतं. काम झालं होतं, चुकीचंही नव्हतं. मी ती ओळ खोडली. त्याने काही विचारलं नाही, फक्त खोडलेल्या ओळीकडे बघत "क्लिक मोजले हे लिहू का?" एवढं म्हणाला.