फोन वेटिंगवर लागतो तेव्हा

वेटिंगवर लागलेला फोन समोरचा का उचलत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. टेलिफोन खात्यात नोकरी झाल्यामुळे नातेवाईक आणि शेजारी मला नेहमी विचारतात, "माझा फोन वेटिंगवर लागला, म्हणजे त्याला दिसला असणारच, मग त्याने उचलला का नाही?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा दुखावलेले मन असते, म्हणून उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

लँडलाइनच्या काळात समोरचा बोलत असला की एंगेज टोन ऐकू येई, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. तुमचा फोन तेव्हा एक्स्चेंजमध्येच अडे आणि त्या घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे. वेटिंगची सोय सुरू असेल, तर मात्र एक्स्चेंज तुमचा कॉल समोरच्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचवते आणि तुम्हाला 'ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे' अशी घोषणा ऐकू येते. काही नेटवर्कवर घोषणा न होता नेहमीची रिंगच ऐकू येते, त्यामुळे समोरचा रिकामा असून उचलत नाही असा चुकीचा समज होतो.

आता पलीकडे काय घडते ते पाहा. त्या माणसाच्या कानात ठरावीक अंतराने एक बारीक बीप वाजतो, इतकेच. मोबाइल कानाला लागलेला असताना सेन्सरमुळे स्क्रीन काळी झालेली असते, म्हणून तुमचे नाव वाचायचे तर त्याला फोन कानापासून दूर धरावा लागतो आणि तेवढ्यात समोरच्याचे वाक्य निसटते. डॉक्टरांशी किंवा बँकेशी बोलणारा माणूस हे करणार नाही, आणि त्याने ते करू नये असेच माझे मत आहे. अशा वेळी तुम्ही कट करून लगेच पुन्हा लावलात, तर त्याच्या कानात बीपची नवी मालिका सुरू होते. शिवाय वेटिंगवर एका वेळी एकच कॉल राहू शकतो, त्यामुळे तुम्ही थांबलेले असताना त्याच्या घरून कोणी फोन केला तर त्याला एंगेज लागतो.

थांबल्याचे पैसे पडत नाहीत, कारण आकारणी कॉल उचलल्यावर सुरू होते. उलट, तुमच्याशी बोलत असताना त्याने दुसरा कॉल घेऊन तुम्हाला होल्डवर ठेवले, तर तुमचा कॉल चालूच असतो आणि मिनिटे मोजली जातात. इथल्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये हे जाणवत नाही, पण आखातातून मिनिटाच्या दराने घरी फोन करणाऱ्या मुलाला ते चांगलेच जाणवते. घरच्यांनी त्याला होल्डवर ठेवू नये, असे मी आवर्जून सांगतो.

कॉल उचलला गेला नाही तर तो अनंतकाळ वाजत राहत नाही. 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१९ मध्ये मोबाइलसाठी ३० आणि लँडलाइनसाठी ६० सेकंदांची रिंग ठरवून दिली. त्यानंतर तुमचा नंबर त्याच्या मिस्ड कॉलमध्ये नोंदलेला असतो, म्हणून एकदा वाजू देऊन थांबणे पुरेसे आहे. त्याने वेटिंग बंद ठेवले असेल, तर मात्र तुमचा कॉल हँडसेटपर्यंत जातच नाही आणि मिस्ड कॉलही दिसत नाही. आपल्या फोनवर ही सोय सुरू आहे की नाही, हे कॉल सेटिंग्जमध्ये किंवा बऱ्याच नेटवर्कवर *#४३# डायल करून पाहता येते.