आज वारा कुठला?

बाबा इकडे अमेरिकेत आले की सकाळी उठून त्यांचा पहिला प्रश्न चहाचा नसतो, वाऱ्याचा असतो. "आज वारा कुठला गो?" आता एडिसनमधल्या टाउनहाऊसच्या डेकवर, जिथनं समोर फक्त शेजाऱ्यांचं ग्रिल आणि त्यामागे पार्किंग दिसतं, तिथे वारा कुठला का असेना काय फरक पडतो, पण बाबा मूळचे गुहागरचे, बँकेत नोकरी करत डोंबिवलीत जन्म काढला तरी त्यांच्या अंगातनं ते गेलेलं नाही. लोकलच्या दारात उभं राहूनसुद्धा हा माणूस वारा ओळखायचा म्हणे, आईचं ऐकाल तर.

तर जुलैतल्या एका शनिवारी आम्ही आयलंड बीच स्टेट पार्कला जायचं ठरवलं. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी, गार्डन स्टेट पार्कवेने खाली ८२ नंबरची एक्झिट घ्यायची, मग रूट ३७ ने खाडीवरचा पूल ओलांडायचा, आणि सीसाइड हाइट्सची पाळणे, पिझ्झा, टीशर्टची जत्रा मागे टाकून उजवीकडे वळून सरळ जात राहायचं. घरं संपतात, गेट लागतं, आणि त्यापुढे दहाएक मैल लांब वाळूची पट्टी, डावीकडे अटलांटिक, उजवीकडे बार्नेगॅट बे, मधनं एकच रस्ता. हॉटेल नाही, बंगले नाहीत, बोर्डवॉक नाही. पोहायच्या दोन बीचवर बाथरूम आणि खाण्याची खिडकी आहे तेवढंच. वीकेंडला पार्किंग भरलं की गेट बंद होतं, म्हणून आम्ही सातलाच निघालो. म्हणजे निघायचं ठरलं होतं सातला, आईच्या दडप्या पोह्यांना नारळ खवून होईपर्यंत पावणेआठ.

गाडीत बाबांनी माझ्या मुलाला फोनवर वारा बघायला लावला. तो म्हणाला, "आजोबा, डब्ल्यू, बारा माइल्स." डब्ल्यू म्हणजे पश्चिमेचा. बाबा एकदम खूश. "पश्चिमेचा ना? मग झकास! समुद्रावरनं येणार, गारेगार." मलाही ते बरोबरच वाटलं, खोटं कशाला बोलू, कारण शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे जे शिकलो ते पुस्तकात समुद्र डावीकडे आणि डोंगर उजवीकडे अशाच चित्राने, आणि वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशातही अरबी समुद्र डावीकडेच. दिवसा खारे, समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. पण पश्चिम हे समुद्राचंच दुसरं नाव आहे ही जी आपल्या डोक्यात पक्की बसलेली गोष्ट आहे ती खरी फक्त आपल्याकडच्या बाजूला, हे चौदा वर्षं पूर्व किनाऱ्यावर राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. समुद्र इथे पूर्वेला आहे. मला माहीत होतं, पण लक्षात नव्हतं, या दोनात फरक असतो.

पोचलो. वाळूच्या टेकाडांमधनं जाणाऱ्या पायवाटेने सामान वाहून नेलं (टेकाडांवर पाय ठेवायचा नाही, त्यावरचं गवतच वाळू धरून ठेवतं, जागोजागी पाट्या आहेत), आणि समोर पुळण बघून बाबा दोन मिनिटं गप्प उभे राहिले. "सरळ आहे," एवढंच म्हणाले. गुहागरच्या माणसाने दुसऱ्याच्या किनाऱ्याला सरळ म्हणणं ही मोठी पावती आहे.

मग छत्री लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आमचा हा, म्हणजे माझा नवरा, पुण्याचा, त्याला यात मत नाही. बाबांनी दांडा वाळूत हलवत हलवत हातभर खाली नेला, छत्री व्यवस्थित समुद्राकडे कलती केली, खाली चटई, चटईवर डबे, कोकम सरबताचा थर्मास. "आता दुपारी ऊन समोरनं येईल, त्याची व्यवस्था झाली." सकाळचं ऊन समोरनंच होतं त्यामुळे व्यवस्था उत्तम वाटत होती. बारानंतर ऊन डोक्यावरनं हळूहळू मागे सरकायला लागलं आणि दीड-दोनला बघते तर छत्रीची सावली आमच्या पुढे, रिकाम्या वाळूवर, आणि दडपे पोहे भर उन्हात. बाबा छत्रीकडे, मग सूर्याकडे, मग पुन्हा छत्रीकडे बघत होते, हिशोबात दहा पैसे कमी लागावेत तसे. त्यांची स्वतःची सावली त्यांच्यापुढे पाण्याच्या दिशेने पडलेली. "उलटं आहे गो सगळं," ते म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच त्यांना पहिली माशी चावली.

या माश्यांना इकडे ग्रीनहेड म्हणतात. एक माझ्या गुडघ्यावर बसली होती ती मी मारायच्या आधी नीट बघितली, घरातल्या माशीपेक्षा चांगली मोठी, आणि डोळे हिरवे, नुसते हिरवे नाहीत, खणाच्या चोळीचा काठ उन्हात झळकतो तसे. बघत बसले हीच चूक. ती डासासारखी सुई टोचत नाही, तिचं तोंड कात्रीसारखं असतं, ती कापते आणि मग वर आलेलं रक्त चाटते. मोज्यावरनं चावते, टीशर्टवरनं चावते. आईने पटापट डबे झाकले पण त्यांना दडप्या पोह्यांत काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्यांना आम्हीच हवे होतो. "ही साधी माशी नव्हे," बाबा पोटऱ्यांवर थापट्या मारत म्हणाले, "ही गोमाशी. आमच्या गोठ्यात असायची." बरोबरच आहे, त्याच खानदानातली.

गाडीत येऊन काचा लावून बसलो तेव्हा मुलाने शोधून काढलं की या माश्या वाढतात खाडीच्या बाजूच्या खाजणात, त्यांच्या अळ्या तिथल्या चिखलात असतात, आणि चावते ती फक्त मादी. पहिल्या खेपेची अंडी ती रक्ताशिवायही घालते, पण पुढच्यांसाठी तिला रक्त लागतं. आई म्हणाली, "बाळंतिणीचं डोहाळजेवण आपण केलं म्हणायचं." समुद्रावरनं वारा येत असला तर त्या खाजणातच राहतात, पण वारा पश्चिमेचा झाला, म्हणजे जमिनीवरनं खाडीवरनं समुद्राकडे वाहायला लागला, की सगळी फौज बीचवर. थोडक्यात, आम्ही ज्याला खारा वारा समजून नाचत आलो तो भरदुपारचा मतलई वारा होता. नाव किती बरोबर बघा, मतलबीच निघाला.

बाबांनी त्या दिवशी रात्री डायरी काढली. रिटायर झाले तरी दरवर्षी बँकेची डायरी मिळवतात आणि विमानात बॅगेत सगळ्यात वर तीच असते. लिहिलं: "वारा प. — गोमाश्या."

हे पार्क नावाने आयलंड आहे पण बेट नाही, ही त्यातली आणखी एक उलटी गोष्ट. गाडी रस्त्याने आत जाते, कुठे पाणी आडवं येत नाही. पण अठराव्या शतकात मधेच १७५० च्या सुमारास समुद्राने वाळू फोडून एक तोंड पाडलं आणि ही पट्टी खरंच बेट झाली, मग साठेक वर्षांनी समुद्रानेच ते तोंड बुजवून टाकलं. नाव तेवढं राहिलं. पुढे १९२६ मधे हेन्री फिप्स नावाच्या, कार्नेगीच्या पोलाद धंद्यातल्या भागीदाराने ही जागा विकत घेतली, इथे श्रीमंतांसाठी मोठं रिसॉर्ट काढायचं म्हणून. तीन घरं बांधून झाली आणि १९२९ चा शेअर बाजार कोसळला. बाबांना ही गोष्ट फारच आवडली, "त्या मंदीने एवढं एक काम चांगलं केलं." सरकारने जमीन घेतली १९५३ मधे आणि लोकांसाठी उघडली १९५९ मधे. त्या तीनातलं एक घर आजही गव्हर्नरचं उन्हाळी घर आहे, आणि तेच ते, २०१७ च्या जुलैत बजेटच्या भांडणात राज्य सरकारचं कामकाज बंद पडलं, पार्क लोकांना बंद, आणि गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती कुटुंबासकट रिकाम्या बीचवर खुर्ची टाकून बसलेले, वर विमानातनं पेपरवाल्यांनी फोटो काढला. त्या खुर्चीचे मीम किती दिवस फिरत होते. मला त्यात कायम एकच प्रश्न पडतो, वारा कुठला होता त्या दिवशी.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाबांनी स्वतः फोन बघितला. वारा दक्षिणेचा, जरा नैऋत्येकडे झुकलेला, आणि गेले तीन दिवस तोच. माश्या नव्हत्या. ऊन असं की वाळूवर अनवाणी उभं राहवेना, सगळे धावत पाण्यात गेले आणि त्याच वेगाने परत. पाणी बर्फ. हेही वाऱ्याचंच काम आहे, या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा काही दिवस लागून राहिला की वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि तळचं गार पाणी वर येतं, त्यामुळे जितका उकाडा जास्त तितकं पाणी थंड असला विनोद होतो. बाबा घोट्यापर्यंत उभे राहून म्हणाले, "फ्रीजचं दार उघडं ठेवलंय कोणीतरी." मुलं मात्र निळ्या ओठांनी तासभर खेळली, मुलांना काय.

त्या दिवशी बाबांचा वेळ गेला तो गळ टाकणाऱ्यांजवळ. वाळूत पाइप रोवून त्यात लांबलचक काठ्या उभ्या करतात आणि खुर्ची टाकून बसतात. परमिट काढून जीप थेट वाळूवर आणणारेही असतात. एकाच्या गळाला फ्लूक लागला, चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. बाबा ओरडलेच, "अगो, लेपा!" त्या माणसाने तो पट्टीवर ठेवून मोजला, मापात बसला नाही म्हणून परत पाण्यात सोडला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. घरी येईपर्यंत दोनदा म्हणाले, "तळायला काय झकास होता." डायरी: "वारा द. — पाणी बर्फ. लेपा सोडला."

तिसऱ्यांदा गेलो ते सप्टेंबरात, लेबर डेनंतर. लाइफगार्ड नव्हते त्यामुळे पोहणं बंद, गर्दी ओसरलेली. आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत, शेवटच्या पार्किंगपर्यंत गेलो आणि तिथनं वाळूतनं दीडेक मैल चालत खाडीच्या मुखाशी. आई अर्ध्यात बसली, "तुम्ही या जाऊन, मी इथेच आहे." वाटेत खाजणात खांबावर ऑस्प्रेचं घरटं, म्हणजे मासे मारणारी घार, काटक्यांचा हा ढीग. डीडीटी या कीटकनाशकामुळे १९७० च्या दशकात या सबंध राज्यात त्यांच्या पन्नासेक जोड्याच उरल्या होत्या, आता शेकड्यांनी आहेत. एक घार मासा घेऊन आमच्या डोक्यावरनं गेली, माशाचं तोंड बरोबर पुढच्या दिशेला धरलेलं, वारा कापायला. बाबा थांबून मान वर करून बघत राहिले. "हिला कळतंय," म्हणाले.

टोकाला पोचल्यावर पलीकडे १८५९ चं लाल-पांढरं दीपगृह, मधे पाण्याला जोरदार ओढ, आणि टेकाडांवर पिवळ्या गोल्डनरॉडच्या फुलांवर नारिंगी मोनार्क फुलपाखरं, मेक्सिकोकडे निघालेली. बाबांनी टोपी काढून खडकावर ठेवली, ती तिथेच राहिली. थर्मासमधला चहा घेतला, तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. कोणी फारसं बोललं नाही. ऊन मागनं येत होतं आणि यावेळी आम्ही खाडीकडे तोंड करून बसलो होतो, म्हणजे बाबांच्या हिशोबाने पुन्हा समुद्र पश्चिमेला.

ऑक्टोबरात ते परत गेले. डायरी विसरून गेले की मुद्दाम ठेवून गेले ठाऊक नाही, माझ्या किचनच्या ड्रॉवरमधे आहे. त्या दिवसाच्या पानावर लिहिलंय:

"वारा पू. — काही झालं नाही."