उत्तरेचा बाण

परवा दुपारी जुनं खरेदीखत उलगडलं, तर आतून बेळगावच्या यळ्ळूर रोडकडच्या शेताचा हातानं काढलेला नकाशा निघाला. रेघा पुसट, शेजाऱ्यांची नावं वाळवीनं अर्धी खाल्लेली. उत्तरेचा बाण मात्र ठसठशीत. मोजणीदारानं त्याला खाली शेपूट काढलेलं, वर कमळाची कळी. रान पावणेदोन एकर, आणि थाट गलबत हाकारल्यासारखा!

दर्यावर्दी नकाशांत शोभतं ते. १३७५ च्या कातालान नकाशासंग्रहात दिशांचं फूल रंगवलेलं आहे. पुढं या फुलांच्या ३२ पाकळ्या झाल्या. उत्तरेला लिलीचं फूल, पूर्वेला क्रूस, जेरुसलेम तिकडं म्हणून. खलाशी त्या पाकळ्या पाढ्यासारख्या पाठ करायचे.

आमच्या आजीला चारच पुरायच्या. उगवत, मावळत, राजहंसगडाकडं म्हणजे दक्षिण, शहापुराकडं म्हणजे उत्तर. कन्नड वाटेकरी उगवत-मावळतीला मूडल-पडुवल म्हणायचा. बांधावर दोघांचं कधी अडलं नाही.

अडलं ते माझं, शाळेत. बाण विसरला की अर्धा मार्क जायचा. एकदा मी नद्या-डोंगर सोडून बाणच रंगवत बसलो, वर मोरपीस. मार्क मिळाला अर्धा. बाणाचा.

११५४ साली अल-इद्रिसीनं सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला, त्यात दक्षिण वर आहे. मला तो माणूस आपला वाटतो. त्याच्या कागदावर राजहंसगड वर आला असता, शहापूर खाली. आम्ही तरी दुसरं काय म्हणतो?

आजोबांच्या ट्रंकेत १९५६ च्या आधीचा मुंबई राज्याचा नकाशा होता. त्यात बेळगाव पार खाली, धारवाड-कारवारच्या सोबतीला. शाळेतल्या कर्नाटकाच्या नकाशात तेच वर, डाव्या कोपऱ्यात. बाण दोन्हीकडं तसाच.

"आजोबा, आपण वर कधी गेलो?"

त्यांनी अडकित्त्यातली सुपारी कातरून संपवली. "जेवलास काय?" म्हणाले.

खरेदीखत परत घडी घालताना चतुःसीमा वाचली. 'उत्तरेस ओढा.' तिथं आता प्लॉट पडलेत. ओढा पावसाळ्यात येतो अजून, कुणाच्या तरी जिन्याखालून.