तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराला रोज दोनदा इन्सुलिन टोचणं जमेल का?

मांजराला मधुमेह निघाला की घरची माणसं हाच प्रश्न आधी विचारतात. जमतं. सुई इतकी बारीक असते की वाटीत तोंड घातलेली बरीच मांजरं मान वरही करत नाहीत. घात होतो तो टोचताना नव्हे, मोजताना.

इन्सुलिनच्या ताकदी वेगवेगळ्या असतात. प्राण्यांसाठी केलेल्या बऱ्याच इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर माणसांच्या नेहमीच्या ग्लार्जिन या इन्सुलिनमध्ये १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. १०० ताकदीचं औषध ४० च्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर आत अडीच युनिट जातात. बहुतेक मांजरांचा सुरुवातीचा डोस एका वेळी जेमतेम एक युनिट असतो, तेव्हा ही चूक जिवावर बेतू शकते. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे, हे रोज बघा. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या. कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, दारात नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं.

दोन डोसांत बारा तासांचं अंतर हवं. आधी खायला द्या, खातंय हे बघा, मग टोचा. मानगुटीपेक्षा बरगड्यांची बाजू किंवा कूस बरी, तिथे औषध जास्त नीट शोषलं जातं. कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो. सुई त्याच्या पायथ्याशी घाला, म्हणजे पलीकडून बाहेर येत नाही. जागा रोज थोडी बदला. टोचल्यावर केस ओले लागले, तर औषध बाहेर सांडलंय. तरी पुन्हा टोचू नका. आत किती गेलं हे कळायला मार्ग नसतो, आणि एका वेळेपुरती चढलेली साखर चालते, कोसळलेली चालत नाही.

साखर कोसळली की मांजर झोकांड्या खातं, थरथरतं, गळून जातं किंवा एकाएकी अधाशासारखं खायला मागतं. पुढे झटके येतात. गिळता येत असेल तर लगेच खायला द्या. येत नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि तसंच डॉक्टरांकडे न्या. मांजराने खाल्लंच नाही किंवा उलटी केली, तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं, भरपूर प्रथिनांचं आणि कमी कर्बोदकांचं खाणं मधुमेही मांजराला मानवतं. पण हा बदल परस्पर करू नका. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही उतरते, आणि जुनाच डोस जास्त ठरतो. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणं तर फार वाईट, काही दिवसांतच यकृतात चरबी साठते. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरलं तरी पुष्कळ.

डोस नीट बसवायचा तर साखर घरी मोजायला शिकाच. दवाखान्यातल्या भीतीनेच मांजराची साखर ३०० च्या वर जाऊ शकते, मग एका आकड्यावरून काय ठरवणार? कान तळहातात धरून गरम करा, मागे कापसाची घडी धरा आणि कडेच्या शिरेजवळ टोचा. एवढासा थेंब पुरतो. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, म्हणून मांजरासाठी जुळवलेलं यंत्र असलं तर उत्तम. दर दोन तासांनी, एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंत मोजलं की साखरेची चढउतार कागदावर दिसते. सगळ्यांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये असावा. ६० च्या खाली गेला तर मांजर बरं दिसलं तरी लगेच खायला घाला आणि पुढच्या डोसाआधी डॉक्टरांशी बोला. एखादा आकडा चढा आला म्हणून डोस वाढवायचा नसतो. नव्या डोसाचा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात.

रोजची नजर मात्र यंत्राशिवायही ठेवता येते. पाण्याची वाटी किती रिकामी होते, शौचाच्या ट्रेमधल्या वाळूत लघवीचे गोळे किती मोठे पडतात, मागचे पाय टाचा टेकून पडतात का, हे बघा. टाचा टेकणं ही नसांची इजा, आणि साखर ताब्यात आली की ती बऱ्याचदा हळूहळू भरून निघते. खाणं बंद, उलट्या आणि सुस्ती एकत्र दिसली तर रात्र काढू नका, कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की रक्तात साठणारी आम्लं, वाढलेले असू शकतात.

लवकर उपचार मिळाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. साखर सारखी खालच्या बाजूला येऊ लागते, डॉक्टर डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटने उतरवत नेतात आणि शेवटी थांबवतात. त्यानंतरही आहार तोच ठेवा आणि मधूनमधून साखर मोजत राहा. स्टेरॉइडची गोळी, दाताचा किंवा लघवीचा संसर्ग, पुन्हा चढलेलं वजन, यांतलं काहीही मधुमेह परत आणू शकतं.