चौथा पॅड

बंगळूरच्या इम्टेक्सला, म्हणजे मशीन टूलच्या मोठ्या प्रदर्शनाला, मी पहिल्यांदा २०२३ च्या जानेवारीत गेले. उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा बॅगेत २०० व्हिजिटिंग कार्डं होती, नवी कोरी, रबर लावलेली. परत आल्यावर मोजली तर १८० च्या वर शिल्लक. बाबांनी विचारलं, "कामं मिळाली का गं?" मी म्हटलं, "एका माणसाशी नीट बोलणं झालं." त्यावर बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

त्या एका बोलण्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या मुली मला विचारतात, ताई, अशा ठिकाणी जाऊन खरंच ओळखी होतात का? होतात. पण मला ते कळायला सात-आठ वर्षं लागली.

आमची शेड भोसरी एमआयडीसीत. काम फिक्श्चर आणि गेजचं. मशीनवर एखादा भाग कापायचा तर तो घट्ट आणि दर वेळी नेमका त्याच जागी धरून ठेवावा लागतो, ते काम फिक्श्चरचं. आणि कापून झाल्यावर तो मापात बसला की नाही हे सांगायचं काम गेजचं. बाबांनी १९८९ मध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. त्यांच्या काळात ओळखी टपरीवर व्हायच्या. कंपनीचा परचेसवाला स्कूटरवरून यायचा, लेथशेजारी उभा राहून जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला भाग, हातात घेऊन बघायचा आणि तिथेच पुढचं काम ठरायचं. मी २०१४ पासून शेड बघायला लागले तोवर गिऱ्हाइकं चाकणला, रांजणगावला गेली होती, चौकशा ईमेलवर यायला लागल्या होत्या, आणि आमच्याकडे चालत कुणी येत नव्हतं. मलाच बाहेर पडणं भाग होतं.

सुरुवात केली सकाळच्या नाश्त्याच्या बैठकांपासून. दर आठवड्याला सकाळी सातला हॉटेलात जमायचं, प्रत्येक व्यवसायाचा एकच सदस्य, प्रत्येकाने उभं राहून मिनिटभरात आपली ओळख करून द्यायची आणि एकमेकांना कामाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. मी वर्षभर गेले. त्या गटाचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. तिथे केटरर होते, विमा एजंट होते, इंटिरियर करणाऱ्या एक बाई होत्या. सगळी भली माणसं, पण त्यांच्यातल्या कुणालाच फिक्श्चर लागत नव्हतं आणि त्यांच्या ओळखीतल्याही कुणाला लागत नव्हतं. तरी दर आठवड्याला चिठ्ठी द्यायची म्हणून आम्ही ओढूनताणून नावं लिहायचो. मी दिलेल्या दोन-तीन चिठ्ठ्या तर अशा होत्या की ज्यांची नावं लिहिली त्यांना मी विचारलंही नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. एक फायदा मात्र झाला. स्वतःचं काम मिनिटभरात, न अडखळता सांगायला मी तिथेच शिकले.

तर इम्टेक्स. प्रदर्शन बंगळूर शहराच्या बाहेर, तुमकूर रोडवर भरतं. त्या वेळी मेट्रो नागसंद्रापर्यंतच होती, पुढे बस. (आता मेट्रो थेट मादावरला जाते, २०२५ च्या इम्टेक्सला मी तशीच गेले आणि निम्मी दमणूक वाचली.) आत शिरलं की एकामागून एक प्रचंड हॉल, चालू मशीनांचा आवाज, कूलंटचा वास. पहिल्या दिवशी मी नाश्त्याच्या बैठकीत शिकले होते तेच केलं. स्टॉलवर जायचं, कार्ड द्यायचं, "फिक्श्चर आणि गेज, भोसरी, पुणे" म्हणायचं, समोरच्याचं कार्ड घ्यायचं. समोरचा दमलेला असायचा, मीही दमत होते. रात्री लॉजवर ती सगळी कार्डं पलंगावर पसरली तेव्हा एकाही कार्डावरून मला माणूस आठवेना.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, कार्ड काढायचंच नाही. नुसतं बघायचं, ऐकायचं आणि कळलं नाही ते विचारायचं.

दुपारी एका स्टॉलवर बोअर, म्हणजे भागात कापलेलं गोल भोक, मोजायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक चाललं होतं. बघणाऱ्यांत साठीच्या आसपासचे एक काका होते. त्यांनी सेल्समनला दोनदा एकच प्रश्न विचारला: "मशीनवर माप बरोबर येतंय, खाली उतरवलं की बोअर लंबुळकं होतंय. हे तुमचं यंत्र सांगंल का, का होतंय ते?" तो पोरगा बिचारा यंत्राची अचूकता सांगत राहिला. काकांना अचूकता नको होती, कारण हवं होतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "काका, खाली टेकण किती आहेत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "चार."

"आणि टेकतंय ते कास्टिंगचं कच्चं अंग?"

"व्हय. पहिलंच ऑपरेशन हाय."

आम्ही कँटीनपाशी जाऊन बसलो. काका शिरोलीचे. कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, धंद्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, वडील शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे पार्ट करायचे. त्यांचा जॉब म्हणजे बेअरिंगचं हाउसिंग, ९० मिलिमीटरचं बोअर. अशा बोअरला नेहमीच्या एच-सेव्हन फिटमध्ये मापात सूट असते ३५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांचं ५०-६० ने लंबगोल होत होतं, आणि सगळे नव्हे, तर दहातले दोन-तीन. म्हणूनच कारण सापडत नव्हतं. ऑपरेटर बदलला, कापणारे इन्सर्ट बदलले, मशीनवाल्याला बोलावून झालं.

मी प्रदर्शनाच्या नकाशामागे पेनाने काढून दाखवलं. तीन पायांची तिवई कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही; चार पायांचं स्टूल डुगडुगतं. कच्चं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला, अजून न कापलेला भाग, खडबडीत जमीनच. चार पक्क्या पॅडवर, म्हणजे टेकणांवर, ठेवलं की ते तिघांवर बसतं, चौथ्यापाशी केसाएवढी फट राहते. वरून क्लॅम्प आवळला की जॉब वाकून त्या चौथ्या पॅडला टेकतो. वाकलेल्या अवस्थेतच आपण बोअर गोल कापतो. क्लॅम्प सोडला की जॉब मूळ आकारात परततो आणि गोल असलेलं बोअर लंबगोल होतं. ज्या कास्टिंगचं अंग नशिबाने सपाट निघतं ते पास होतं, म्हणून दहातले सगळे जात नाहीत.

"मग क्लॅम्प ढिला ठिवू?"

"नको. तीनच पॅड पक्के ठेवा. चौथ्या जागी खालून वर सरकणारा जॅक लावा, तो जॉबला फक्त स्पर्श होईल इतकाच आणायचा. आणि क्लॅम्प बरोबर पॅडच्या डोक्यावर यायला हवेत, अधांतरी नकोत. आधी एक करा. जॉबवर डायल लावा, बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं घड्याळ असतं ते, आणि क्लॅम्प आवळताना काट्याकडे बघा. काटा हलला तर जॉब वाकतोय."

त्यांनी तो नकाशा घडी करून खिशात ठेवला. मी फिक्श्चर करून देते असं मी म्हणाले नाही. खरं तर त्यांना नवीन फिक्श्चर लागतच नव्हतं, असलेल्यात बदल पुरणार होता, आणि मी तेच सांगितलं. निघताना त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं. त्यांच्या कार्डाच्या मागे मी लिहून ठेवलं: "हाउसिंग, ९० बोअर, चौथा पॅड. १० दिवसांनी विचारायचं."

दहाव्या दिवशी फोन केला. काका म्हणाले, "काटा हलला की हो ताई!" त्यांच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. त्यांनी चौथा पॅड काढून जॅक बसवला होता आणि त्या आठवड्यात एकही बोअर नापास झालं नव्हतं.

त्यानंतर चार महिने काही नाही. मग एक दिवस शिरोलीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला, काकांनी नंबर दिला म्हणून. मग गोकुळ शिरगावातून एक, कागलहून एक. काकांनी स्वतः पहिलं काम दिलं ते त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर. आज माझ्या शेडमधलं दुसरं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंगचं मशीन, दोन पाळ्यांत चालतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम कोल्हापूरकडचं आहे.

तेव्हापासून मी कुठेही गेले तरी माझ्याकडे काय आहे हे सांगण्याआधी समोरच्याचं कुठे अडलंय ते विचारते. लघुउद्योगांसाठी सरकार खरेदीदार-विक्रेत्यांचे मेळावे भरवतं, तिथेही. सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची आणि त्या २५ टक्क्यांमधले ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असा नियम आहे, त्यामुळे माझ्यासारखीला तिथे जायला कारण आहे. टेबलामागे अधिकारी बसलेले असतात आणि समोर रांग, प्रत्येकाच्या हातात ब्रोशर, प्रत्येकाच्या तोंडी "साहेब, आम्हालाही संधी द्या." एका मेळाव्यात माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे कुठल्या गेजच्या टेंडरला कुणी भरतच नाही?" त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि दहा मिनिटं बोलले. थ्रेड गेजचे, म्हणजे स्क्रूचे आटे तपासायच्या गेजचे, काही आकार, फार थोड्या संख्येने लागणारे, परवडत नाहीत म्हणून कुणी करत नाही. त्यातले दोन आकार मी आज करते. पैसा फार नाही त्यात, पण त्या कारखान्यात आमचा फोन उचलला जातो.

नव्या मुलींना मी एवढंच सांगते की दिवसात तीनच माणसांशी बोला, पण बसून बोला. कार्डाच्या मागे लगेच लिहा, रात्रीवर ठेवू नका. आणि "पाठवते" म्हणालात तर पाठवा.

हे शेवटचं मी फार कळकळीने सांगते, कारण मीच ते मोडलं आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये एका प्रदर्शनात साताऱ्याच्या एक ताई भेटल्या होत्या. नवऱ्याच्या माघारी त्यांनी लेझर मार्किंगचं, म्हणजे लेझरने धातूवर नंबर-नावं कोरायचं, छोटं युनिट चालवायला घेतलं होतं. त्यांना हार्डनिंग, म्हणजे धातू तापवून कडक, करून देणारा भरवशाचा माणूस हवा होता. आमचा आहे, वीस वर्षांपासूनचा. मी म्हटलं, "आज रात्रीच नंबर पाठवते." त्या रात्री शेडमध्ये स्पिंडल बिघडल्याचा फोन आला आणि माझ्या डोक्यातून ते गेलंच. आठ महिन्यांनी त्या पुन्हा दिसल्या. हसून बोलल्या, माझ्या मुलाची चौकशी केली, नंबरचा विषय काढला नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मिळाला हो एक नंतर. मधे एक लॉट तडकला, तेवढंच."

तो लॉट माझ्या एका मेसेजने वाचला असता.

मी तिथेच उभ्या उभ्या नंबर पाठवला, आमच्या हार्डनिंगवाल्या दादांना फोन लावून दोघांचं बोलणं करून दिलं. ताईंनी मनापासून आभार मानले, त्याने मला जास्तच लागलं.

येत्या गुरुवारी शिरोलीला जायचं आहे. काकांचा मुलगा नवीन गिअरबॉक्स केसिंग घेतोय, कास्टिंग ओतायच्या आधीच टेकण कुठे घ्यायचं ते बसून ठरवू म्हणाला. जाताना साताऱ्यात उतरणार आहे. नंबर कोरायचे ४० प्लग गेज तेल लावून, कागदात गुंडाळून पिशवीत भरून ठेवलेत. ताईंना कालच फोन करून ठेवलाय.