गिअरबॉक्स उतरवायचा होता त्या दिवशी

सकाळी सातला शेठचा फोन. "मिस्त्री, लोडर परत बसला. आज गिअरबॉक्स उतरवूनच टाकू." सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू, खडीला मागणी, आणि विल्होळीच्या पुढे त्यांच्या क्रशरवर हा एकच व्हील लोडर, पुढच्या बकेटने खडी भरणारं चाकांचं मशीन. मशीन पंचवीस वर्षांचं. मी फोनवरच बोलून गेलो, "कन्व्हर्टर गेला असणार." म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग. न बघता बोललो.

नाशिकच्या द्वारका चौकातून निघून पांडवलेणी मागे टाकून पोहोचलो तर क्रेन येऊन उभी, आणि लोडर खणखणीत चालतोय! ऑपरेटर म्हणाला, "मामा, दोन तास थांबा. तापला की बसतो. तासभर उभा केला की पुन्हा राजा."

थांबलो. तोवर गिअरचं ऑइल बोटावर घेऊन पाहिलं. जळका वास नाही. फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या, क्लच प्लेटचा चुरा नाही. ज्याचे क्लच जळालेत त्या गिअरबॉक्सचा फिल्टर असा स्वच्छ निघत नाही. टेस्ट पोर्टला गेज लावला, गिअर पकडणाऱ्या क्लचचं ऑइल प्रेशर १६ किलो. या मशीनला एवढंच लागतं.

पावणेअकराला लोडर बसला. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळेच मेले. गेजवर ४ किलो.

एकच गिअर गेला असता तर त्याचा क्लच पॅक (प्लेटांचा गठ्ठा), त्याचं सील, असा हिशेब लावता आला असता. सगळे एकदम गेले म्हणजे भानगड त्यांच्या सामाईक वाटेवर: सक्शन, पंप किंवा प्रेशर व्हॉल्व्ह. झिजलेला पंपही तापल्यावर ऑइल पातळ झालं की हरतो, पण रेस दिली की काटा थोडा तरी उचलतो. इथे मी रेस देऊन पाहिली, काटा ढिम्म. कुठून तरी प्रेशर सोडून दिलं जात होतं.

तेवढ्यात हेल्पर पुढच्या चाकाला टेकला आणि ओरडलाच, "मामा, हब भाजतंय!"

मी ऑपरेटरला खाली उतरवून डाव्या पेडलखाली वाकलो. अशा लोडरचं डावं पेडल दाबलं की ब्रेकबरोबर गिअरही सुटतो, म्हणजे इंजिनची ताकद बकेटकडे जाते. ब्रेकच्याच लाइनमधून एक नळी गिअरच्या कट-ऑफ व्हॉल्व्हला जाते. ब्रेकचं प्रेशर आलं की तो व्हॉल्व्ह क्लचचं प्रेशर सोडून देतो. पेडलवर पाय नव्हता, पण पेडलला ढिलाईही नव्हती, बोटाने हलवून बघितलं तर जागचं हलेना. पेडल दाबलं की ब्रेकला ऑइल ढकलतो त्या मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पेडल मोकळं असलं की तापलेलं ब्रेक ऑइल त्यातून टाकीत परततं. पेडलचा दांडा, म्हणजे पुशरॉड, ढिलाई न ठेवता ताठ राहिला की पिस्टन ते भोक झाकून बसतो. मग ऑइल तापून फुगतं, लाइनमध्ये अडकतं, ब्रेक घासतो, घासून आणखी तापतं.

हेल्परला गेजकडे बघायला सांगितलं आणि चाकाचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकचं ऑइल सोडायचा स्क्रू, पाव फेरा ढिला केला. ऑइलची चिळकांडी उडाली.

"सोळा! मामा, सोळा!"

शेठ धावत आले. क्रेनवाला बिडी विझवून उठला. मी मात्र खालीच बसून राहिलो, कारण तो पुशरॉड कोणी ताठ केला होता ते मला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी ऑपरेटरने तक्रार केली होती, "ब्रेक फार खाली लागतो." मीच लॉकनट सोडून रॉड बाहेर घेतला होता, आणि ढिलाई न तपासता निघून आलो होतो.

रॉड तीन मिलीमीटर आत घेतला, नट आवळला. शेठला सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या फोनवर मी गिअरबॉक्स खोलला असता तर?"

"लाख-दीड लाख."

लोडर संध्याकाळपर्यंत चालला, काटा सोळावरून हलला नाही. बिल मी केलं नाही. क्रेनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं भाडं मात्र शेठने माझ्याकडूनच घेतलं.